न दुखणारी गाठ

घरात कोणाची दाढ ठणकू लागली की त्याच दिवशी इलाज शोधला जातो. स्तनात हाताला लागलेली गाठ मात्र ‘दुखत तर नाही ना!’ एवढ्या समाधानावर महिनोन्‌महिने तशीच राहते. भगिनींनो, हे समाधान फसवे आहे. स्तनाचा कर्करोग आरंभी बहुधा दुखत नाही. उलट पाळीपूर्वी दोन्ही स्तन जड होऊन ठणकतात आणि पाळी आल्यावर ते शमते, त्यामागे सहसा कोणताही गंभीर रोग नसतो.

प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते, बहुतेक नसतातच. तरुण मुलींत बोटाखालून गोटीसारखी सटकणारी गाठ आढळते, ती बहुधा निरुपद्रवी असते. अंगावर पाजणाऱ्या मातेचा स्तन दूध साठून लाल होतो, तापही चढतो. अशा वेळी पाजणे थांबवू नये, उपचार मात्र घ्यावेत. तथापि औषधाने लाली व सूज हटली नाही, तर पुन्हा तपासणी करवून घेणे अगत्याचे आहे. कारण कर्करोगाचा एक प्रकार हेच रूप घेऊन येतो. शिवाय त्वचेला खळी पडणे, ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणे, स्तनाग्र नव्याने आत ओढले जाणे, त्यातून रक्तमिश्रित स्राव येणे, काखेत गाठ लागणे, यांपैकी काहीही दिसले तर वाट पाहू नये.

दरमहा ठराविक विधीने स्वतःची तपासणी केल्याने मृत्यू टळतात, असे सिद्ध झालेले नाही. परंतु स्वतःच्या शरीराची नेहमीची ठेवण माहीत असली, तर बदल लवकर ध्यानात येतो.

जाणत्या हाताने केलेल्या तपासणीचे मोल मुंबईत पारखले गेले. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये ३५ ते ६४ वर्षांच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास आरंभिला. त्यांतील एका गटाची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा, केवळ हाताने केली. निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासलेल्या गटात रोग अधिक लवकरच्या अवस्थेत सापडला आणि पन्नाशी ओलांडलेल्यांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मात्र तशी घट दिसली नाही, हेही सांगितले पाहिजे. ज्या देशात गावोगावी यंत्रे पोहोचणे कठीण, तेथे ही गोष्ट लहान नव्हे. तिशीपुढील स्त्रियांसाठी अशी तपासणी आता सरकारी आरोग्य केंद्रांच्या कार्यक्रमात समाविष्ट आहे. घरातील पुरुषांनीही एवढे वाचावे. केंद्रापर्यंतचे गाडीभाडे पुष्कळदा त्यांच्याच खिशात असते!

हाताने गाठ सापडते. तिचे निदान मात्र हाताने होत नाही. त्यासाठी डॉक्टर तपासणीला चित्राची आणि नमुन्याची जोड देतात. चित्र म्हणजे मॅमोग्राफी हा क्ष-किरणांचा फोटो, किंवा सोनोग्राफी. तरुण स्त्रीचे स्तन घट्ट असल्याने क्ष-किरणांत गाठ लपू शकते, म्हणून तिची बहुधा प्रथम सोनोग्राफी करतात. चित्र निर्मळ आले तरी हाताला गाठ संशयास्पद लागत असेल, तर सुईने नमुना घेतलाच पाहिजे. ‘सुई लावली की रोग पसरतो’ ही समजूत अनेक घरांत मूळ धरून आहे. या भीतीपायी नमुना टाळणाऱ्या स्त्रीचे उपचाराचे महत्त्वाचे दिवस मात्र खरोखर वाया जातात. जाड सुईने काढलेल्या तुकड्यावरून रोग आहे की नाही एवढेच नव्हे, तर कोणते औषध त्यावर चालेल हेही कळते.

कोठेही गाठ कापून काढली, तर ती सूक्ष्मदर्शकाखाली तपासली गेली की नाही हे विचारावे. अहवालाचा कागद मागून घ्यावा आणि रेशनकार्डाइतकाच जपून ठेवावा. पुढील डॉक्टर प्रथम तोच मागतात.