शहरातील हिरवळ आणि आमचा शेतकरी

जव्हार व मोखाडा या तालुक्यांतील काही तरुण शेतकऱ्यांनी आम्हांस विचारले आहे की, शहरांतील बंगले, वसाहती व विश्रामस्थाने यांभोवतालची हिरवळ, जिला आता सर्रास ‘लॉन’ म्हणतात, ती लावण्याचा व राखण्याचा धंदा आपण का करू नये? गवत कापणे आम्हांस कोणी शिकवावयास नको, असेही त्यांनी वर म्हटले आहे. ही कल्पना ऐकून हसणारे पुष्कळ निघतील. आम्हीही प्रथम किंचित हसलो, हे कबूल केले पाहिजे. गवत उपटण्यात ज्याचा जन्म गेला त्याने गवताची निगा राखून पैसे मिळवावे, हे चमत्कारिक वाटणारच. तथापि विचार करता प्रश्न रास्त दिसतो.

गवताचा धंदा आमच्या मुलुखास नवा नाही. जुन्या ठाणे जिल्ह्यातील गवत मुंबईच्या तबेल्यांना व गोठ्यांना जात असे, आणि त्यात जमीनमालक व व्यापारी यांनी चांगला पैसा मिळविला. ते कापणाऱ्याच्या पदरात काय पडले, हे १९४५ साली सर्वांस कळले. त्या वर्षी उंबरगाव व डहाणू तालुक्यांतील वारल्यांनी ५०० पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मिळावेत म्हणून काम बंद ठेवले, आणि १० ऑक्टोबर रोजी तलवाडा येथे झालेल्या गोळीबारात पाच माणसे मेली. हा इतिहास येथे उकरून काढण्याचे कारण पुढे येईल.

मंदी ओसरून बाजार सावरत असता असा धंदा आरंभण्यात एक सोय आहे व एक धोका आहे. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी झाली तेव्हा वीटभट्ट्यांवर व इमारतींच्या कामावर गेलेली आमची कुटुंबे मिळेल त्या वाटेने, कित्येक तर पायी, घरी परतली. २०२०-२१ साली देशाचे एकंदर उत्पन्न घटले, शेतीचे मात्र वाढले. शहरातील गृहस्थाने हात आखडला की पहिली गदा माळ्यावर येते. मग दिवस पालटले म्हणजे त्याच बागा रानासारख्या माजलेल्या असतात, जुना कंत्राटदार निघून गेलेला असतो, आणि वेळेवर येणारा माणूस मालकास हवा असतो. त्या वेळी जो दाराशी उभा राहतो त्यास जागा मिळते. वर्ष दोन वर्षे थांबून येणाऱ्यास ती भरलेली दिसते. परंतु मंदी पुन्हा आली की गदा पुन्हा तेथेच यावयाची, हेही विसरू नये. म्हणून या धंद्यासाठी कोणी बैल विकू नये, जमिनीवर कर्ज तर मुळीच काढू नये. पाच घरांनी मिळून गवत कापण्याचे एक यंत्र घ्यावे. कात्र्या, खुरपी व झारी एवढे साहित्य प्रत्येकास सहज जमते.

आता मुख्य गोष्ट. आपल्या शेतात हिरवळ पिकवून तिचे गालिचे विकावेत, असे पुष्कळांच्या मनात आहे. पुणे-सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या बाजूस असा धंदा चालतो, हे खरे. तेथील शेतकऱ्याजवळ पाणी व माती आहे. आमच्याकडे पाऊस मृगापासून नवरात्रापर्यंत कोसळतो आणि फाल्गुनात विहिरी तळ दाखवितात. उन्हाळ्यात हिरवळीस दर चौरस मीटरास रोज सुमारे ५ लिटर पाणी लागते, म्हणजे एका गुंठ्यास ५०० लिटर. मोखाड्यात बायका हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरत असता हे पाणी गवतास घालणे आम्हांस पटत नाही. शिवाय गालिचा उचलताना त्याबरोबर मातीचा वरचा थर जातो. आमच्या वरकस उतारावर नागली-वरई पिकविणारी माती आहेच किती? ती गाडीत भरून शहरास धाडली तर चार-सहा हंगामांनी खडक उरेल. तेव्हा हिरवळ पिकविणे हे आमचे काम नव्हे.

हिरवळ राखणे मात्र आहे. मोखाड्याजवळचे मध्य वैतरणा धरण २०१४ साली पुरे झाले व त्यातून मुंबईस रोज सुमारे ४५ कोटी लिटर पाणी जाते. म्हणजे तिकडच्या कित्येक हिरवळी आमच्याच डोंगरांचे पाणी पितात. पाणी गेले ते गेले. त्यावर उगवलेल्या गवताची मजुरी तरी इकडे यावी.

‘शिकवावयास नको’ हे म्हणणे मात्र आम्ही मान्य करीत नाही. आपण विळ्याने बुडापासून गवत कापतो. हिरवळ तशी कापली तर पिवळी पडते. एका वेळी पात्याच्या उंचीचा तिसरा हिस्सा, त्याहून अधिक कापू नये. लव्हाळा नुसता खुडून भागत नाही, गाठीसह खणावा लागतो. ठिकठिकाणी गवत वाळून हाताने सहज उचलले जाऊ लागले तर खाली हुमणी आहे असे समजावे. चाळलेले शेणखत पातळ पसरणे, यंत्राच्या पात्यांस धार लावणे, ही कामे एखाद्या चांगल्या रोपवाटिकेत चार महिने राहून शिकावीत. आमच्या भागात आंबा-काजूच्या वाड्या व मोगरा ज्यांनी जोपासला आहे, त्यांस हे जड जाणार नाही.

खरी अडचण निराळीच आहे. वीटभट्टीचे काम दिवाळीनंतर सुरू होऊन पावसापूर्वी संपते, म्हणून ते शेतीशी जुळते. हिरवळ मात्र पावसाळ्यातच अधिक वाढते आणि नेमक्या भातलावणीच्या दिवसांत दर आठवड्यास कापणी मागते. दोन आठवडे माणूस गेला नाही की काम हातचे गेले. ज्या घरी कर्ते पुरुष एकाहून अधिक आहेत, त्यांनीच यात पडावे. किंवा पाच घरांनी पाळी लावून घ्यावी. एकट्या माणसाने आपली लावणी टाकून परक्याचे गवत कापीत बसणे यात आम्हांस काही शहाणपण दिसत नाही.

आणि आमच्या जमीनदार वाचकांस एक विनंती. हा धंदा चांगला चालला की आपणांपैकी काही जण कंत्राट घेतील आणि पाड्यांवरील मजूर कामास नेतील. त्यात गैर काही नाही. परंतु वीटभट्टीप्रमाणे आगाऊ उचल देऊन सबंध कुटुंब हंगामभर बांधून घ्यावयाचे व शेवटी हिशेबात त्याच्याच अंगावर बाकी काढावयाची, ही रीत येथे आणू नये. मालकाकडून महिन्याची रक्कम लेखी ठरवावी, तो आकडा मजुरास सांगावा, आणि मजुरी आठवड्याच्या आठवड्यास चुकती करावी. १९४५ सालचे भांडण गवताच्या भावाचे नव्हते, कापणाऱ्याच्या मजुरीचे होते. ज्यांचा विचार ठरला असेल त्यांनी यंत्र घेण्यापूर्वी पाच घरांचा करार कागदावर उतरवून घ्यावा; मृगापूर्वी एवढे झाले तरी या सालास पुष्कळ झाले.