रील सीट चिकटवण्याआधी एकदा होडीत बसून बघा



१ जून ते ३१ जुलै बंदी. ट्रॉलर जेटीला बांधलेले, जाळी पडवीत पसरलेली, इंजिनं उघडून ठेवलेली. अशा दिवसांत तरणी पोरं काय करतात? गेली चार-पाच वर्षं बघतोय, घराघरांत गरवायची काठी स्वतः बांधायचं वेड शिरलंय. ब्लँक मागवायचा, कड्या मागवायच्या, रंगीत दोरा गुंडाळायचा, वर चकचकीत इपॉक्सी. चांगलंच आहे. बंदीत हात रिकामे राहण्यापेक्षा हे शंभर पटीनं बरं. पण एक गोष्ट डोळ्यांत खुपते म्हणून आज लिहितो. दोऱ्याची नक्षी करायला आठ दिवस, आणि रील कुठं बसणार हे ठरवायला आठ मिनिटंसुद्धा नाहीत.

माझ्याच घरातलं सांगतो. भाच्यानं सात फुटी काठी बांधली, नदीच्या तोंडाशी होडीतून चोणक आणि तांबोशी गरवायला. परदेशातल्या कोणाचा तरी व्हिडिओ बघून बुडापासून ५० सेंटीमीटरवर रील बसवली. काठी दिसायला नवरीसारखी! मी उचलून बघितली आणि म्हटलं, "अरे, हे बूड कुठं मावणार?" तर म्हणाला, "मामा, सगळे एवढंच ठेवतात."

सगळे म्हणजे कोण? व्हिडिओतला माणूस सहा फूट उंच, मोठ्या बोटीच्या सपाट डेकवर उभा. आमचा भाचा फायबरच्या छोट्या होडीत फळीवर बसलेला, अंगात लाइफ जॅकेट. नकली मासा टाकून झटके देत ओढायचा म्हटलं की प्रत्येक झटक्याला काठीचं बूड जॅकेटात अडकायचं, नाहीतर बरगडीला लागायचं. मग त्यानं काय करावं? काठी बदलली नाही, जॅकेट काढून फळीखाली टाकलं. ऑक्टोबरात एका संध्याकाळी वाळूच्या पट्ट्याजवळ लाट आली, होडी कलली आणि हा पाण्यात. सोबतच्या पोरानं शर्टाला धरून वर ओढला. काठी गेली, मुलगा राहिला. घरी माझ्या बहिणीला अर्धीच गोष्ट सांगितलीय, आता हे वाचून बाकीची कळेल.

लाट आपल्या हातात नाही, मान्य. पण जॅकेट अंगातून का उतरलं? चौदा सेंटीमीटर जादा बुडामुळं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की रील सीटची जागा ही शोभेची बाब नाही, ती होडी, माणूस आणि काम बघूनच ठरली पाहिजे, आणि चिकटवण्याआधी ती पाण्यावर तपासली पाहिजे. तयार मापाचा कागद भिंतीला लावा हवा तर, त्याच्यावर काठी बांधू नका.

आता माप कसं घ्यायचं? आधी काम ठरवा. होडीत बसून एका हातानं फेकायचं आणि झटके देत ओढायचं असेल, तर रील धरल्यासारखा हात करा, रीलचा पाय मधलं बोट आणि अनामिका यांच्यामध्ये. तिथून कोपरापर्यंत जे अंतर येतं तेवढंच बूड मागं ठेवायचं. भाच्याचं ते ३६ सेंटीमीटर भरलं. बूड कोपराच्या पुढं गेलं नाही तर जॅकेटात शिरत नाही. आणि हो, माप जॅकेट घालून, फळीवर बसून घ्यायचं. घरात बनियनवर उभं राहून घेतलेलं माप काय कामाचं?

खडकावरून किंवा किनाऱ्यावरून लांब फेकायची बारा फुटी काठी असेल तर हिशेब उलटा. तिथं दोन्ही हात लागतात, वरचा ढकलतो आणि खालचा ओढतो. हात जवळ असले तर फेक मरते. काठीचं बूड काखेत धरा आणि हात काठीवर सरळ सोडा, हात जिथं आरामात पडतो तिथं रील. साधारण ७० सेंटीमीटरच्या आसपास येतं, बुटक्याचं कमी, उंचाचं जास्त. दक्षिण आफ्रिकेत तर किनाऱ्यावरचे गरवणारे रील पार खाली बुडाजवळ ठेवतात, कारण त्यांची फेकायची रीतच वेगळी. दोघंही बरोबर. चूक तेव्हा होते जेव्हा एकाची काठी दुसऱ्याच्या हातात जाते.

तिसरं काम म्हणजे उभं राहून खोल पाण्यात तळाचा मासा ओढणं, गोबरा वगैरे. इथं जोराचा प्रश्न येतो, तो नीट समजून घ्या. बूड पोटाला टेकवलंय, मासा पाच किलोच्या ताकदीनं ओढतोय, आणि वाकलेल्या काठीचा शेंडा बुडापासून दीड मीटर पुढं आहे. तुमचा पुढचा हात बुडापासून अर्ध्या मीटरवर असेल तर त्या हाताला पंधरा किलो पेलावे लागतात. तोच हात ७५ सेंटीमीटरवर असेल तर दहा. मासा तोच, तंगूस तोच, काठी तीच. खांदा धरतो, कंबर धरते, त्यातलं बरंचसं दुखणं या पंचवीस सेंटीमीटरांत असतं. म्हणून या काठीला रील थोडी वर आणि पुढची मूठ लांब पाहिजे. पण हात पार ताणून सरळ होईल इतकी वर नको, कोपर थोडं वाकलेलं राहिलं तरच जोर लागतो.

तोलाचंही तसंच. रील खाली नेली की पुढचा भाग लांबतो, शेंडा जड वाटतो, दुपारपर्यंत मनगट भरून येतं. वर नेली की तोल साधतो पण बूड आडवं येतं. दोन्ही एकदम मिळत नाही. मला विचाराल तर बसून गरवणाऱ्यानं बूड आखूडच ठेवावं, आणि शेंडा जड वाटला तर बुडाच्या टोपीत थोडं शिसं भरावं. शिसं आपल्याकडं काय कमी आहे!

एक चूक जवळजवळ सगळे करतात. सीटच्या टोकापासून मोजतात. मोजायचं ते रीलच्या पायापर्यंत. काही सीटची नट खालून शेंड्याकडं आवळते, काहींची वरून बुडाकडं. तीच सीट उलटी घातली की रीलचा पाय तीन-चार सेंटीमीटर सरकलाच. मग माप चुकलं म्हणून कपाळावर हात मारून उपयोग नाही.

आणि क्रम. आधी रीलची जागा, मग कड्या. फिरत्या रीलमधून तंगूस वेटोळी घेत सुटतो, त्याची पहिली कडी रीलपासून किती लांब यावर फेक अवलंबून. कड्या बांधून झाल्यावर रील हलवली तर सगळा दोरा पुन्हा उसवा.

तपासायचं कसं, तर सोपं आहे. विजेची काळी टेप घ्या, ठरवलेल्या जागी रील ब्लँकवर घट्ट गुंडाळा, कड्याही टेपनंच लावा. जॅकेट घालून होडीत बसा. बंदीत समुद्रावर जायचं नाही, धक्क्याला बांधलेल्या होडीतच बसा, तेवढं पुरे. शिसं बांधून हळूच फेका, टेप म्हणजे टेप, जोर करू नका. कोणाला तरी तंगूस धरून खेचायला सांगा. पाच सेंटीमीटर वर घ्या, पाच खाली घ्या. अर्धा दिवस जाईल. इपॉक्सी एकदा धरलं की सीट काढायची म्हणजे कानशीनं कापूनच काढायची, मूठ जाते आणि ब्लँकला चरा पडला तर तीही गेली.

चिकटवतानाचं थोडक्यात. पाच मिनिटांत धरणारा गोंद सीटला नको, सावकाश धरणारं इपॉक्सीच घ्या. ब्लँक बारीक आणि सीट मोठी असेल तर मधली पोकळी नुसत्या कागदी टेपनं भरू नका, खारं पाणी आत शिरतं आणि एक दिवस सीट हातात गोल फिरते. टेपच वापरायची तर अंतर सोडून पट्टे घाला आणि मधल्या फटी इपॉक्सीनं पूर्ण भरा.

ज्यांच्या होड्या पर्यटकांना गरवायला नेतात त्या मालकांना एक विनंती. पाहुणे लहान-मोठे, बायका, मुलं, सगळे येतात आणि तुम्ही सगळ्यांच्या हातात एकाच मापाची लांब बुडाची काठी देता. दोन काठ्या तरी आखूड बुडाच्या ठेवा. नाहीतर तोही जॅकेटचा पट्टा सोडतो, आणि तुम्ही पैसे देणारं गिऱ्हाईक म्हणून गप्प बसता.

जुने तांडेल म्हणतील, आम्ही नुसत्या हातानं दोर ओढून इसवण काढली, आम्हाला कुठं काठी लागली? खरं आहे काका. पण तुमच्या तळहातावरच्या चिरा मी बघितल्यात.

भाच्याची दुसरी काठी सध्या माझ्या पडवीत उभी आहे, काळ्या टेपवर. रील ३६ वर आहे, त्याला ३८ हवंय. रविवारी भरतीला धक्क्यावरच्या होडीत बसून ठरवणार आहोत. ज्यांच्या काठ्या अजून चिकटवायच्या आहेत त्यांनी घेऊन या, टेप माझ्याकडं आहे. जॅकेट मात्र आपापलं आणा.