अंगरक्षकाचे रक्षण कोणी करायचे?



नाताळच्या सुट्टीत आम्ही मोठ्या वर्गातल्या पाच जणांनी एका काकूंच्या बेसमेंटमध्ये 'वाइल्ड कार्ड' हा २०१५ सालचा इंग्रजी सिनेमा पाहिला. १७ वर्षांखालच्या मुलांनी मोठ्यांबरोबरच पाहावा असा शिक्का त्यावर असल्यामुळे काका, काकू आणि पुण्याहून आलेल्या आजीही सोबत होत्या. सिनेमा संपला तेव्हा प्रेक्षक आठ आणि मते नऊ! वर्गातही आमचे भांडण थांबेना, तेव्हा बाई म्हणाल्या, "नुसते भांडू नका, लिहून काढा." म्हणून हा लेख. ज्यांना शेवट आधी कळायला नको असेल त्यांनी आधी सिनेमा पाहावा.

गोष्ट थोडक्यात अशी. निक वाइल्ड (जेसन स्टेथम) लास व्हेगासमध्ये अंगरक्षकाचे काम करतो. त्याला शहर सोडून कॉर्सिका बेटावर जायचे आहे. त्यासाठी ५ लाख डॉलर हवेत. मारामारीत त्याला कोणी हरवू शकत नाही, पण पत्त्यांच्या टेबलापाशी तो स्वतःच स्वतःला हरवतो. त्याच्या एका मैत्रिणीला एका गुंडाने मारहाण केलेली असते. तिला मदत करताना निक त्या गुंडाच्या तावडीत सापडतो. मधेच एक श्रीमंत पण भित्रा तरुण त्याला सोबतीसाठी कामावर ठेवतो.

आता मते. आमच्यातले दोघे म्हणाले, "फसवणूक झाली!" त्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत ठोसे हवे होते. मोठ्या मारामाऱ्या मोजून तीन. त्या मात्र झकास आहेत. हाँगकाँगचे कोरी युएन यांनी त्या बसवल्या आहेत. निक बंदूक वापरत नाही. शेवटच्या मारामारीत तर तो एक चमचा आणि लोणी लावायची सुरी घेऊन निघतो. काकूंना याच मारामाऱ्या नकोशा झाल्या. एवढे रक्त दाखवायची काय गरज, असे त्यांचे म्हणणे. काका म्हणाले, संवाद उत्तम आहेत, पण पात्रे येतात आणि जातात, कथेला धरबंध नाही.

काकांचे म्हणणे आम्ही तपासून पाहिले. पटकथा विल्यम गोल्डमन यांची आहे. त्यांना पटकथेसाठी दोन ऑस्कर मिळाले होते आणि २०१८ साली ते वारले. 'हीट' ही स्वतःचीच कादंबरी त्यांनी पडद्यासाठी लिहिली. तिच्यावर १९८६ साली बर्ट रेनॉल्ड्स यांना घेऊन एक सिनेमा निघाला होता, तोही फारसा चालला नाही. म्हणजे एकच गोष्ट दोनदा मारामारीचा सिनेमा म्हणून विकली गेली आणि दोन्ही वेळा प्रेक्षक थोडे नाराज झाले. आमच्या मते याचे कारण सोपे आहे. जाहिरात ठोशांची असते आणि गोष्ट मात्र एका नादी माणसाची असते. आंब्याच्या पेटीत फणस निघाला तर फणस वाईट ठरत नाही, पण गिऱ्हाईक चिडतेच.

आम्हाला सर्वांत भीती वाटली ती टेबलावरच्या प्रसंगाची. निक एकवीसच्या डावात जिंकत जातो. सुमारे ५ लाख डॉलर जमतात. तो उठतो. आम्ही टाळ्या वाजवल्या. आणि मग तो परत जातो, सगळे एका डावावर लावतो आणि घालवतो. बेसमेंटमध्ये कोणी बोलेना. आजी तेवढ्या शांतपणे म्हणाल्या, "धर्मराजाने तरी दुसरे काय केले?" आम्हाला द्यूत माहीत होते, पण द्यूत दोनदा झाले हे माहीत नव्हते. पहिल्या वेळी सगळे हरल्यावर धृतराष्ट्राने राज्य परत दिले. पांडव घरी निघालेही. पुन्हा बोलावणे आले आणि धर्मराज पुन्हा जाऊन बसला. मग १२ वर्षे वनवास आणि १ वर्ष अज्ञातवास. खरी गोष्ट हरण्याची नाहीच, उठून परत बसण्याची आहे.

आता आम्ही हे सगळे का लिहितो ते सांगतो. आमच्यातल्या एकाच्या मोठ्या भावाने मागच्या वर्षी कॉलेजच्या फीचे पैसे फोनवर सामन्यांच्या पैजांत घालवले. तो लास व्हेगासला गेला नव्हता. आपल्या खोलीत, दार लावून, पांघरुणात बसला होता. घरी वाटले अभ्यास चालू आहे. त्याची परवानगी घेऊन हे लिहीत आहोत. त्यालाही हा सिनेमा दाखवला. तो टेबलाच्या प्रसंगाला उठून बाहेर गेला.

आपण न्यू जर्सीत राहतो. अटलांटिक सिटीत १९७८ पासून कॅसिनो आहेत, पण तिथे निदान गाडी काढून जावे लागते. २०१८ साली आपल्याच राज्याच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने खेळांवरच्या पैजांची बंदी उठवली आणि टेबल खिशात आले. कायद्याने २१ वर्षे पूर्ण लागतात, पण शाळेच्या बसमध्ये कोणी किती लावले याच्या गप्पा आम्ही रोज ऐकतो.

आम्ही हिशोबही करून पाहिला. नेहमीच्या पैजेत १०० डॉलर जिंकायला ११० लावावे लागतात. समजा १०० पैजा लावल्या आणि बरोबर निम्म्या जिंकल्या. मिळाले ५,०००, गेले ५,५००. म्हणजे निम्म्या वेळा बरोबर येऊनही ५०० डॉलरचा खड्डा! एकवीसच्या डावात तर खेळणाऱ्याला आधी पाने घ्यावी लागतात. तो एकवीसच्या पुढे गेला की पैसे लगेच जातात, मग पाने वाटणाराही पुढे गेला तरी ते परत मिळत नाहीत. नशिबाला दोष देण्याचे कारणच नाही, गणित आधीच ठरलेले असते.

म्हणून या सिनेमावर आमची खरी तक्रार मारामारीची नाही, शेवटाची आहे. निकने सगळे घालवल्यावर तो श्रीमंत तरुण त्याला हवे तेवढे पैसे देतो आणि निक शहर सोडतो. आमच्या मित्राच्या घरी असा कोणी आला नाही. आईने जादा पाळ्या केल्या, बाबांनी भारतवारी रद्द केली. भाऊ आता दर आठवड्याला अशाच नादातून सुटणाऱ्या लोकांच्या बैठकीला जातो. यात चमचा-सुरीची मारामारी नाही, पण आम्हाला तो निकपेक्षा शूर वाटतो.

पालकांना एक विनंती. दिवाळीत आपण हौसेने तीन पत्ती खेळतो, त्याला आमचा विरोध नाही. मारामारी आली की तुम्ही टीव्ही बंद करता, तेही समजते. पण टेबलाचा प्रसंग आला की टीव्ही बंद करू नका. शेजारी बसा आणि बोला. 'आपल्या घरात असे होत नाही' हे वाक्य मात्र कृपया म्हणू नका, कारण मग ज्याच्या घरात झाले आहे तो गप्प बसतो.

सिनेमा पाहावा का? आमच्यात तीन विरुद्ध दोन अशा मतांनी 'पाहावा' असे ठरले. आजींचे मत विचारले तर म्हणाल्या, "पोराला मारता येते, उठता येत नाही." त्यापेक्षा चांगले परीक्षण आम्हाला सुचले नाही.

तुमचे मत वेगळे असेल तर पुढच्या अंकासाठी जरूर लिहून द्या. शुद्धलेखनाच्या चुका बाई तपासतील!

— मोठा वर्ग