एन्नोरची गिनती

फौजेत दिवस गिनतीनं सुरू होतो आणि गिनतीनंच संपतो. किती हजर, किती रजेवर, किती सिक, किती ड्यूटीवर. आकडा जुळला नाही तर सगळी कंपनी उभी राहते. नव्या रंगरुटाला हा शुद्ध वेळेचा अपव्यय वाटतो. वर्ष-दोन वर्षांनी त्याच्या लक्षात येतं की कोण गायब आहे हे कळायला आधी किती होते हे माहीत असावं लागतं.

चेन्नईच्या उत्तरेला, एन्नोरच्या खाडीवर, हिवाळा सरता सरता काही माणसं हेच काम कुणी न सांगता करतात. बँकेतला कुणी, कॉलेजातली पोरं, एखादे निवृत्त मास्तर. रविवारी पहाटे दुर्बिणी घेऊन येतात, ऊन चढेपर्यंत मोजतात आणि दुपारपर्यंत एकमेकांना कळवतात: रोहित इतके, चित्रबलाक इतके, कुरव इतके, ऑस्प्रे एक, खांबावर बसून मासा खात होता. बाहेरच्याला हा मोकळ्या वेळेतला छंद वाटेल. माझं मत वेगळं आहे. या खाडीबद्दल जे काही कागदावर आहे, त्यात या लोकांच्या वह्यांइतकं भरवशाचं थोडंच आहे. म्हणूनच त्यांच्या काही सवयी मला खटकतात. त्याबद्दलही लिहितो.

आधी जागा समजून घ्या. कोसस्थलैयार नदी इथं बंगालच्या उपसागराला मिळते. उत्तरेला बकिंगहॅम कालवा आणि खाजणांमधून हेच पाणी पुलिकतपर्यंत जोडलेलं आहे. पुलिकत म्हणजे चिलिकाच्या खालोखाल देशातलं मोठं खारं सरोवर. चेन्नई सेंट्रलहून गुम्मिडिपूंडीची लोकल धरली की तिरुवोट्टियूर, विम्को नगर, कत्तिवाक्कम आणि मग एन्नोर. त्यापुढे अत्तिपट्टु पुदुनगर यायच्या आधी गाडी पाण्यावरून जाते. खिडकीतून औष्णिक केंद्राच्या चिमण्या दिसतात, पाण्यात रोवलेले विजेचे मनोरे दिसतात, राखेचे पांढुरके पट्टे दिसतात, लांबवर बंदराच्या क्रेन. आणि या सगळ्याच्या मधोमध कमरेइतक्या पाण्यात हातांनी चाचपून कोळंबी पकडणारी माणसं, अन् त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर चोच उघडी ठेवून पाणी ढवळणारे चित्रबलाक. दोघांचं काम एकच, पद्धतही जवळजवळ एकच.

मला इथं सगळ्यात जवळचा वाटतो तो तपकिरी डोक्याचा कुरव. कारण साधं आहे. लडाखला असलेल्या आपल्या माणसांनी तो उन्हाळ्यात पाहिलेला असतो, त्सो मोरिरीला, पँगाँगला. तिथं त्याचं डोकं गडद तपकिरी असतं, जणू बालाक्लाव्हा घातलाय. तिथंच तो अंडी घालतो. थंडी पडली की खाली उतरतो आणि समुद्रावर येतो तेव्हा डोकं पांढरं झालेलं असतं, कानामागे नुसता एक ठिपका. फेब्रुवारीच्या शेवटी एन्नोरला उभे राहा: काही कुरव अजून पांढरे, काहींच्या डोक्यावर तपकिरी डाग, एखाद्याची टोपी पूर्ण झालेली. म्हणजे याचा मूव्हमेंट ऑर्डर निघाला. चिखलात पळणारा छोटा चिखल्याही तसाच. त्याच्या छातीवर विटकरी पट्टा उमटू लागतो. त्याचीही एक जात लडाख-तिबेटच्या उंचावर घरटं करते. आता एन्नोरला दिसलेला अमुक कुरव पँगाँगचाच, असं कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही, त्याच्या पायात कडी असल्याशिवाय. पण १४ हजार फुटांवरची आणि समुद्रसपाटीची अशी दोन्ही ठाणी सांभाळणारे फक्त आपणच नाही, एवढं नक्की.

हिवाळ्याच्या अखेरीची मोजणी महत्त्वाची आहे ती यामुळेच. डिसेंबरात पक्षी नुसता मुक्कामाला असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो लांब पल्ल्याची तयारी करत असतो. अंगावर चरबी चढवतो आणि ती चरबी येते चिखलातल्या किड्यांमधून, शिंपल्यांमधून, खेकड्यांच्या पिल्लांतून. चिखलावर राखेचा थर बसला तर खाली काही जगत नाही. पक्षी तरीही येतो, कारण त्याला हीच जागा माहीत आहे. तो उभा दिसतो, फोटोतही येतो. पण त्याचं पोट भरत नाही. अर्धी टाकी घेऊन निघालेली गाडी कुठं थांबेल हे एन्नोरला बसून कळत नाही. पुढच्या वर्षीच्या आकड्यात मात्र ते उतरतं, आकडा लिहिला असेल तर.

इथं नकाशाची गोष्ट सांगायला हवी. १९९६ च्या किनारा व्यवस्थापनाच्या मंजूर नकाशात ही खाडी आहे आणि ती संरक्षित म्हणून आहे. २०१७ मध्ये असं उघडकीला आलं की माहिती अधिकाराखाली सरकारी यंत्रणेनं दिलेल्या दुसऱ्या एका नकाशात खाडीचा मोठा भाग नाहीच. ओढे नाहीत, पाणी नाही. गदारोळ झाला, त्या ऑक्टोबरात कमल हासन स्वतः खाडीवर येऊन गेले. नकाशावर काम केलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगायला नको. नकाशात नाला नसेल तर तिथं भराव टाकायला कुणाची हरकत राहत नाही. त्याच वर्षी जानेवारीत टी. एम. कृष्णा यांनी ‘पोरंबोक’ या शब्दावरचं गाणं याच राखेच्या परिसरात उभं राहून म्हटलं होतं. पोरंबोक म्हणजे आपल्याकडचं गायरान, कुणाच्या सातबाऱ्यावर नसलेली, सगळ्यांच्या वापराची जमीन. तमिळमध्ये हा शब्द आता शिवीसारखा वापरतात. जमीन कुणाचीच नाही म्हणजे ती टाकाऊ, असा अर्थ कधी आणि कसा झाला, हा प्रश्न आपल्या गायरानांनाही लागू आहे.

नकाशावरून पाणी पुसता येतं. पण ‘१९ फेब्रुवारी, सकाळी सात वाजता, ओहोटी, या ठिकाणी उथळ पाण्यात एवढे रोहित’ अशी तारीखवार ओळ पाच माणसांनी पाच वर्षं लिहून ठेवली असेल तर तिथं पाणी नव्हतं असं म्हणणं अवघड जातं. कोरड्या जमिनीवर रोहित चरत नाहीत.

तेलाचंही तेच. २८ जानेवारी २०१७ ला कामराजर बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर झाली आणि तेल किनाऱ्याला लागलं. माणसांनी ते बादल्यांनी उपसलं. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या पुरात मनालीच्या तेलशुद्धीकरण परिसरातून तेल बकिंगहॅम कालव्यात आणि तिथून खाडीत आलं. त्या वेळचे तेलानं माखलेल्या पेलिकनांचे फोटो तुम्ही पाहिले असतील. पण नुकसान किती, हे ठरवताना पहिला प्रश्न येतो तो हाच: एरवी इथं किती असतात? अशा वेळी फोटोचा उपयोग नसतो. आदल्या फेब्रुवारीचा आणि त्याच्या आदल्या फेब्रुवारीचा आकडा लागतो.

आता मला खटकतं ते. पक्षीमित्र आपापसांत जे कळवतात त्यात दुर्मिळाचं कौतुक फार. क्रॅब प्लोव्हर दिसला की दुसऱ्या दिवशी तिथं गाडीभर माणसं. चारशेचे कुरव दीडशे झाले, हे मात्र कुणी कळवत नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काय? आणि रिकाम्या हातानं परत आलेला तर गप्पच बसतो. फौजेत याला परवानगी नाही. ओपीवर बसलेल्या जवानानं रात्रभर काही पाहिलं नाही तरी ‘काही हालचाल नाही’ हे कळवावंच लागतं. निल रिपोर्ट हाही रिपोर्ट असतो. ई-बर्डवर यादी भरताना दिसलेल्या सगळ्या जाती नोंदवल्या का, असं विचारतात ते याचसाठी. हो म्हटलं तर जे यादीत नाही त्यालाही अर्थ येतो.

दुसरं म्हणजे चिमणीच्या पार्श्वभूमीवर गुलाबी रोहितांचा तो ठरलेला फोटो. दिसतो सुंदर, पण त्याचा वापर कसा होतो पाहा. ‘बघा, पक्षी आहेत, म्हणजे प्रदूषण कुठे आहे?’ पुलिकतचं पाणी वर-खाली झालं की रोहित इकडे सरकतात. ते एन्नोर आवडलं म्हणून आले की तिकडे जागा उरली नाही म्हणून आले, हे एका फोटोतून ठरत नाही. निर्वासितांच्या छावणीतली गर्दी पाहून गावाची भरभराट झाली म्हणण्यासारखं आहे ते. राख खाडीत सांडण्याबद्दल राष्ट्रीय हरित लवादानं २०२२ मध्ये निकाल दिला. फोटो तेव्हाही सुंदरच येत होते.

नोंद खोटी असली तर काय होतं, याचं उदाहरण आपल्या खानदेशातलंच आहे आणि, लाज वाटते सांगायला, ते एका फौजी अधिकाऱ्याचं आहे. रानपिंगळा हे छोटं घुबड खानदेशात जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्यानं १८८४ मध्ये मिळवलं. त्यानंतर एकच नोंद: १९१४, गुजरातेतलं मांडवी, नोंदवणारा कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन. लोकांनी शोधलं, मिळालं नाही. पुढे पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातले नमुने तपासले तेव्हा कळलं की कर्नलसाहेबांचा पक्षी हा चोरलेला, नवी चिठ्ठी लावलेला जुनाच नमुना होता. ती नोंद बाजूला काढली, जुन्या खऱ्या नोंदींच्या जागी शोध घेतला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला. ११३ वर्षांनी. कर्नलची एक खोटी चिठ्ठी आणि शोधणारे भलतीकडे. म्हणून ‘अंदाजे हजारेक’ लिहिणाऱ्यांना माझं सांगणं आहे की दहाचा गट मोजा, तो थव्यावर नजरेनं ठेवत जा, आणि कसं मोजलं तेही लिहा.

ठिकाणं उघड करावीत का, यावर इथं वाद होतो. घरट्याची जागा सांगू नये हे मला मान्य. वाळूवर उघडी अंडी घालणाऱ्या चिखल्यांची तर मुळीच नाही. ती कॅमेऱ्यानं जातात, कुत्र्यानं जातात, नुसत्या पायानंही जातात. पण हिवाळ्यातल्या चरण्याच्या जागा लपवून एन्नोरसारख्या ठिकाणी काय साधणार? इथं पक्ष्यांना धोका बघ्यांपेक्षा भरावाचा जास्त आहे. जी जागा कुणाला माहीत नाही ती भरली गेल्याचंही कुणाला कळत नाही. (बंदर आणि वीजकेंद्राच्या कुंपणाकडे मात्र लेन्स वळवू नका, ड्रोन तर नकोच. संतरी आपलं काम करत असतो.)

आणि मासेमारांना या गिनतीत घ्या. काट्टुकुप्पमचा माणूस रोज पाण्यात असतो, पक्षीमित्र महिन्यातून दोनदा. कुरवाला तमिळमध्ये ‘कडल् कागम्’ म्हणतात, समुद्रकावळा. पक्ष्याचा स्वभाव त्यात बरोबर आला आहे. कोळंबी कमी झाली की कोणता पक्षी आधी नाहीसा होतो, हे तो सांगेल. पण नोंदी इंग्रजीत, मोबाइलवर, आपापल्या ओळखीत फिरतात. त्याच्यापर्यंत पोचत नाहीत आणि त्याच्याकडून येतही नाहीत.

ठाण्याच्या खाडीला २०१५ मध्ये रोहितांचं अभयारण्य आणि २०२२ मध्ये रामसरचा दर्जा मिळाला. एन्नोरला दोन्ही नाही, पाणी पुलिकतला जोडलेलं असूनही. उरण, भिगवण, नांदूर मध्यमेश्वरच्या आसपास राहणाऱ्या निवृत्त मित्रांनो, तुम्हाला अंतराचा अंदाज आहे, पहाटे उठायची सवय आहे आणि तासभर न बोलता बसता येतं. शंभर रुपयांची वही पुरते. पेन्सिल वापरा, दवानं शाई फुटते. तारीख, वेळ, भरती की ओहोटी, कुठं उभे होता, किती वेळ, काय दिसलं, किती. काही दिसलं नाही तर तेही. कुरवांची टोपी किती भरली हे एका रकान्यात लिहिलंत तर मार्चअखेर माझ्या आकड्यांशी ताडून पाहता येईल. इथले तोवर बहुतेक निघून गेलेले असतात.