तो कोणाशी बोलतोय?

‘बळी’ या मराठी चित्रपटातला मंदार सात वर्षांचा आहे. त्याला आई नाही. वडील श्रीकांत मध्यमवर्गीय माणूस. अचानक पोराला जनसंजीवनी नावाच्या रुग्णालयात भरती करावं लागतं. एकामागून एक तपासण्या सुरू होतात आणि मंदार खाटेवर पडल्यापडल्या एका नर्सशी गप्पा मारू लागतो. तिचं नाव एलिझाबेथ, आणि ती त्याच्याखेरीज कोणालाच दिसत नाही. श्रीकांतच्या भूमिकेत स्वप्नील जोशी, डॉक्टरच्या भूमिकेत पूजा सावंत आणि दिग्दर्शन विशाल फुरिया यांचं. ९ डिसेंबर २०२१ रोजी हा चित्रपट थेट ॲमेझॉन प्राइमवर आला. त्याच्यावर व्हायला हवी होती तेवढी चर्चा झाली नाही. ती आज करावीशी वाटते, कारण मुलाचा न दिसणारा मित्र हा विषय मराठी भयकथेने आता हक्काने आपला म्हणावा, असं मला मनापासून वाटतं.

या जातीच्या गोष्टीची घडण ठरलेली असते. मूल आधी मित्राचं नाव सांगतं. घरचे कौतुकाने हसतात. मग एके दिवशी मूल असं काही बोलून जातं, जे त्याला कळण्याचा कुठलाच मार्ग नव्हता. घरचे गप्प होतात. पुढे मित्र हट्टाला पेटतो. हे बाबांना सांगू नकोस, तिकडे चल, माझ्याबरोबर ये. मोठ्यांना जे चाललंय ते कळतं तेव्हा मूल अर्धंअधिक त्या मित्राचं झालेलं असतं. ‘द एक्झॉर्सिस्ट’मधली रेगन ‘कॅप्टन हाउडी’ या अदृश्य सोबत्याबद्दल आईला अगदी सहज सांगते, आणि आई ते खेळातलं बोलणं म्हणून सोडून देते. तो चित्रपट १९७३चा. तीसएक वर्षांनी, २००४मध्ये, आपल्याकडे सौरभ नारंग यांचा ‘वास्तुशास्त्र’ हा हिंदी चित्रपट आला. पुण्याबाहेरच्या एका घरात राहायला आलेल्या कुटुंबातला लहान मुलगा मनीष आणि ज्योती या आपल्या मित्रांबद्दल सांगत राहतो. ते मित्र घरात कोणालाच दिसत नाहीत. चार वर्षांनी आलेल्या ‘भूतनाथ’मध्ये हाच साचा प्रेमळ झाला. गोव्यातल्या बंगल्यात छोट्या बंकूला भुताची मैत्री लाभली.

या सगळ्या गोष्टींत एक जागा नेहमी सापडते. मोठं घर, एकटं मूल आणि कामात बुडालेली मोठी माणसं. भुताला यायला आधी रिकामी खोली लागते. ‘बळी’मधली खोली रुग्णालयातली आहे, एवढाच फरक. बाप प्रेमळ आहे, मुलासाठी जिवाचं रान करतोय, पण त्याचे कान डॉक्टरांच्या शब्दांकडे लागलेले आहेत. मुलाचं बोलणं ऐकायला त्याच्यापाशी वेळ उरत नाही. तो वेळ एलिझाबेथकडे आहे. माझ्या मते चित्रपटातलं खरं भय इथे आहे आणि फुरियांना ते कळलेलं आहे. त्यांच्या आधीच्या ‘लपाछपी’तही भुतांच्या मागे स्त्रीभ्रूणहत्येचा खराखुरा अपराध उभा होता. भुतामागे माणसाचा अपराध असला की भयपट पाहून झाल्यावरही मनातून जात नाही.

न दिसणारा सोबती आपल्या परंपरेला नवा नाही. तान्हं बाळ झोपेत हसलं की घरातली वडीलधारी बाई आजही म्हणते, सटवाई खेळवतेय त्याला. बाळाचा हा पहिलाच अदृश्य सोबती. तीच सटवाई बाळाच्या कपाळी नशीब लिहिते आणि तिचीच बाळंतिणीला भीतीही वाटते. म्हणून पाचवी पुजायची, कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, रात्र जागवायची. या विधीमागची श्रद्धा कोणी मानो वा न मानो, त्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. बाळापाशी कोणी अनोळखी येणार आहे असं वाटलं की अख्खं घर जागं राहायचं. बाळ आणि त्याचा तो सोबती यांना एकटं सोडायचं नाही, ही रीतच होती.

गिरगाव, परळ, लालबागच्या चाळींनी ही रीत वेगळ्या कारणाने पाळली. तिथे कोणालाच एकटं राहायला जागा नव्हती. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या बीडीडी चाळी १९२०च्या दशकातल्या. एकूण २०७ इमारती, प्रत्येक इमारतीत ८० खोल्या आणि खोली १६० चौरस फुटांची. त्या एका खोलीत गावाहून आलेली आठ-दहा माणसं गिरणीच्या पाळ्यांप्रमाणे आळीपाळीने झोपायची. अशा चाळीत भुतं नव्हती असं कोण म्हणेल? संडासाच्या टोकाला एक होतं, गच्चीच्या जिन्यात एक होतं, बंद पडलेल्या नळापाशी एक होतं. पण ती भुतं सगळ्यांची होती. त्यांची हकिगत सगळ्या मजल्याला पाठ असायची. रात्री पोराला संडासला जायचं झालं तर मोठी बहीण नाहीतर शेजारचा दादा सोबत जायचा आणि परतताना दोघंही पळत यायचे. पोर एकटंच कोणाशी तरी बोलताना दिसलं असतं तर गॅलरीत बसलेल्या चार आज्यांनी संध्याकाळच्या आत त्याची चौकशी केली असती.

त्या चाळीत परत जावं असं मी मुळीच म्हणत नाही. दहा माणसांत एका खोलीत वाढणं हे हालच होते. तिथेही मुलांचं सगळं ऐकलं जात होतं असं नाही. धपाटे घालून गप्प बसवलेली पोरंही तिथलीच. म्हणून १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या, तो दिवस आनंदाचाच होता. पिढ्यान्‌पिढ्या कॉट आणि कपाट यांच्या मधल्या फटीत अभ्यास केलेल्या घरांतल्या मुलांना आता दार लावता येईल अशी खोली मिळाली. ती त्यांना मिळायलाच हवी होती.

मात्र याच बदलाने या शहरातल्या भुताची जागाही बदलली. गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले, दादर आणि गिरगावातल्या जुन्या इमारती पुनर्विकासाला गेल्या, गॅलरी गेली, आणि तिच्याबरोबर येता-जाता मुलावर पडणारी शेजाऱ्यांची नजर गेली. आई-बाबा दोघंही नोकरीला, आजी-आजोबा गावी, शेजारच्या फ्लॅटचं दार बंद. विसाव्या मजल्यावरच्या त्या खोलीत शाळेतून आलेलं मूल संध्याकाळपर्यंत एकटं असतं. पुण्याबाहेरचा किंवा गोव्यातला बंगला शोधायची आता गरज राहिलेली नाही. मराठी भयकथेला हवी असलेली रिकामी खोली लालबागमध्येच तयार आहे. तरीही आमचे लेखक-दिग्दर्शक अजून कोकणातला पडका वाडा आणि उसाचं शेत यांच्यातच भूत शोधतात. त्या जागा चांगल्याच आहेत, पण आजच्या मुंबईतल्या पालकाला झोप लागू देणार नाही अशी गोष्ट त्याच्या स्वतःच्या घराच्या आतल्या खोलीत घडायला हवी.

या वाटेवर आपल्याकडे एक थोर लेखक आधीच चालून गेला आहे. रत्नाकर मतकरींनी सुधा करमरकरांच्या लिटल थिएटरसाठी ‘मधुमंजिरी’ लिहिलं ते १९५९ साली. मग ‘निम्मा शिम्मा राक्षस’ आणि ‘अलबत्या गलबत्या’. दादरच्या शिवाजी मंदिरात चेटकीण रंगमंचावर आली की शेकडो मुलं एकदम किंचाळतात आणि एकदमच हसतात. भीती कशी सोसायची, हे त्या अंधारात शेजारच्या मुलाचा हात धरून मुलं शिकतात. याच मतकरींनी मोठ्यांसाठी ‘खेकडा’सारख्या गूढकथा लिहिल्या. आणि उत्तरायुष्यात त्यांनी ‘इन्व्हेस्टमेंट’ हा चित्रपट केला, ज्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यात भूत नाही. महत्त्वाकांक्षी आई-बाप आहेत, त्यांचा शाळकरी मुलगा आहे, एका मुलीचा मृत्यू आहे आणि तो मृत्यू झाकून टाकण्याची घरातली तयारी आहे. मुलाच्या आत काय वाढतंय ते पाहायचं सोडून त्याच्यावर केलेली गुंतवणूक वाचवायला निघालेलं ते घर मला कुठल्याही पछाडलेल्या वाड्याहून भयंकर वाटतं. चेटकिणीपासून या मुलापर्यंत मतकरी ज्या रस्त्याने गेले, तो रस्ता पुढच्या मराठी लेखकांसाठी मोकळा आहे.

त्या रस्त्यावर एक पथ्य मात्र पाळायला हवं. काल्पनिक मित्र असलेलं प्रत्येक मूल झपाटलेलं किंवा आजारी असतं, असा समज या गोष्टींनी पसरवू नये. अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ मार्जोरी टेलर यांनी या विषयाचा अनेक वर्षं अभ्यास केला. २००४ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सात वर्षांपर्यंत कधी ना कधी असा मित्र असलेल्या मुलांचं प्रमाण ६५ टक्क्यांच्या आसपास निघालं. हा मित्र आपण बनवलेला आहे, हे बहुतेक मुलांना पक्कं ठाऊक असतं. मूल त्याच्याकरवी भांडतं, रुसतं, धीर गोळा करतं, मोठ्यांना थेट सांगता येत नाही ते बोलून टाकतं. मित्रामुळे मूल स्वतःच घाबरू लागलं, झोप उडाली, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायची आज्ञा मिळते असं सांगू लागलं, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं. भगताकडे जायचं नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली कोणाला बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात त्यासाठी सहा महिने ते सात वर्षं कैदेची तरतूद आहे. म्हणून भयपटाचा शेवट मांत्रिकाच्या रिंगणात करताना लेखकाने दहादा विचार करावा. पडद्यावर मुलाला धुरी देऊन भूत पळालेलं पाहणारा एखादा हतबल बाप तोच इलाज घरी करू शकतो.

आता ती कथेची ठरलेली घडण पुन्हा आठवा. आधी गोड बोलणं, मग फक्त आपल्या दोघांचं असं गुपित, मग बाबांना सांगू नकोस, मग माझ्याबरोबर ये. मुलांना जाळ्यात ओढणारी जिवंत माणसंही याच पायऱ्या चढतात. ऑनलाइन खेळाच्या चॅटवर, कानात हेडफोन घालून बसलेल्या मुलाशी तासन्‌तास बोलणारा, घरात कोणी कधीही न पाहिलेला मित्र हा आजचा खरा अदृश्य मित्र आहे. त्यांतले बहुतेक साधी मुलंच असतील. एखादा मात्र मुलाचं वय लावून बसलेला मोठा माणूस असतो. भूत न मानणाऱ्या घरालाही हे भय मानावंच लागेल. अदृश्य मित्राची गोष्ट पोरकट करमणूक म्हणून मोडीत काढणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की ही गोष्ट पालकांना नेमक्या त्याच धोक्याची तालीम देते. चांगली लिहिली गेली तर ती शंभर सूचनापत्रकांहून जास्त काम करेल.

आणि घरात हे बोलणं कानावर पडलं तर काय करायचं? मुलाला वेड्यात काढू नका, त्याच्यावर ओरडू नका, त्याचा मोबाइल हिसकावून घेऊ नका. शेजारी बसा आणि विचारा: तुझा मित्र कसा आहे? तो काय म्हणतो? त्याने तुला काही लपवून ठेवायला सांगितलंय का? पहिल्या दोन प्रश्नांना मूल रंगून उत्तर देईल. तिसऱ्याला ते अडखळलं, तर ऐकण्याचं खरं काम तिथून सुरू होतं. घरात कोणाला सांगणं शक्यच नसेल तर मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. संकटातल्या मुलांची ही हेल्पलाइन १९९६ साली याच मुंबईत, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून सुरू झाली आणि पुढे देशभर पोहोचली. मुलांचं ऐकण्याची व्यवस्था उभी करणारं हे शहर आहे. त्याच शहराच्या लेखकांनी न ऐकलेल्या मुलाची गोष्ट इतक्या ताकदीने सांगावी, की पाहणारा प्रत्येक बाप घरी गेल्यावर आधी मुलाच्या खोलीचं दार वाजवेल.