हौशी सायकलस्वारास प्रशिक्षक हवा काय?

पैसे मोजून प्रशिक्षक नेमावा काय, असे आपले काही सायकलप्रेमी बंधू विचारतात. आमच्या मते अवश्य नेमावा. मात्र केवळ वेगासाठी नव्हे. एकटा हौशी स्वार रोजच मध्यम जोर लावून दमतो. प्रशिक्षक त्यास बहुतेक दिवस गप्पा मारता येतील इतके संथ चालवितो, एखाद्याच दिवशी खरा जोर लावू देतो आणि विश्रांतीही घ्यावयास लावतो. सीटची उंची तो तपासतो, हे तर गुडघ्यांवर उपकारच!

याच प्लेनोत वाढलेल्या लान्स आर्मस्ट्राँगची १९९९ ते २००५ मधील सात टूर द फ्रान्स विजेतेपदे उत्तेजकांपायी २०१२ साली काढून घेण्यात आली. सबब गोळ्या-चूर्णे सुचविणाऱ्या प्रशिक्षकास पहिल्याच दिवशी निरोप द्यावा. शब्बाथ पाळणाऱ्यांनी लांबची फेरी रविवारी पहाटे, टेक्सासचे ऊन चढण्यापूर्वी, मागून घ्यावी.