मालक परदेशी, मोटार स्वदेशी

ज्या घरातील एखादी व्यक्ती परदेशी नोकरीस आहे, अशी मराठी घरे आता केवळ पुण्या-मुंबईत राहिलेली नाहीत. मराठ्यांच्या राजवटीपासून मराठी माणसाची वस्ती असलेल्या जबलपुरातही ती आहेत आणि त्या शहरातील गोहलपूरसारख्या जुन्या वस्तीतही असू शकतात. अशा घरात मागे राहतात ते वृद्ध आई-वडील, बँकेतील अनिवासी खाते आणि पुष्कळदा अंगणात आच्छादन घालून ठेवलेली एक मोटार. खात्याची व्यवस्था लावली जाते, आई-वडिलांच्या औषधांची व्यवस्था होते. मोटारीची व्यवस्था मात्र ‘उभीच तर आहे’ या तीन शब्दांत संपते. या तीन शब्दांचा पुनर्विचार व्हायला हवा.

गंमत अशी की, हाच मालक परदेशात मोटारीच्या बाबतीत अत्यंत काटेकोर असतो. कारण तेथील कायदा त्याला तसे राहण्यास भाग पाडतो. ब्रिटनमध्ये १९६० सालापासून मोटारींची सक्तीची तपासणी होते. आरंभी ती दहा वर्षांहून जुन्या गाड्यांपुरती होती. १९६७ पासून ती तीन वर्षांवर आली आणि त्यानंतर दरवर्षी करावी लागते. जपानमध्ये नव्या खासगी मोटारीची पहिली तपासणी तीन वर्षांनी व पुढे दर दोन वर्षांनी होते. जर्मनीतही हाच क्रम आहे. सिंगापुरात दहा वर्षांवरील मोटारीस दरवर्षी तपासणी केंद्रात न्यावे लागते. ब्रेक, स्टीअरिंग, टायर, दिवे यांपैकी एकात जरी गंभीर दोष निघाला, तरी गाडी अनुत्तीर्ण ठरते. लंडनमध्ये किंवा सिंगापुरात या शिस्तीबद्दल कोणी कुरकुर करीत नाही. मग तोच मालक स्वतःच्या गावातील मोटारीला वेगळा न्याय का लावतो?

याचे एक कारण आपल्या कायद्यात आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये ट्रक, टॅक्सी, बस अशा परिवहन वाहनांना योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी व त्यानंतर दरवर्षी. खासगी मोटारीची नोंदणी मात्र एकदम पंधरा वर्षांसाठी होते आणि या पंधरा वर्षांत तिचे ब्रेक लागतात की नाही, हे पाहण्याची सक्ती कोठेही नाही. पीयूसी प्रमाणपत्र असते, परंतु ते धुराचे असते, सुरक्षिततेचे नव्हे. पंधरा वर्षांनंतर नूतनीकरणासाठी गाडी प्रथमच अधिकृत तपासणीस उभी राहते आणि नूतनीकरण झाल्यास पुढील पाच वर्षे ती पुन्हा मोकळी होते.

शक्तिमान ट्रक आणि जोंगा ज्या शहरात तयार झाले, त्या जबलपुराला हे सांगण्याची आवश्यकता पडू नये. तेथील वाहन निर्माणीतून बाहेर पडणारे वाहन तपासणीवाचून लष्कराच्या ताब्यात जात नाही. नागरी रस्त्यावरील मोटारीच्या बाबतीत मात्र आपण मालकाच्या सद्‌बुद्धीवर विसंबून राहतो. आणि मालक जर हजारो मैल दूर असेल, तर तीही अपुरी पडते.

उभी मोटार सुरक्षित असते, हा मोठा गैरसमज आहे. ब्रेकचे तेल हवेतील आर्द्रता शोषून घेते, ब्रेकच्या तबकड्यांवर गंज चढतो, रबरी नळ्या उन्हाने कडक होतात, उंदीर तारा कुरतडतात. एकाच जागी भार पडून टायर चपटे होतात. नक्षी शाबूत दिसणारा टायरही वयाने जीर्ण झालेला असू शकतो. त्याच्या बाजूवर कोरलेल्या चार अंकांवरून निर्मितीचा आठवडा व वर्ष कळते. ते अंक पाहणारे मालक थोडेच. अशी गाडी वर्षभर उभी राहते आणि मग एके दिवशी वडिलांना तातडीने इस्पितळात नेण्यासाठी शेजारचा मुलगा ती बाहेर काढतो. अपघात घडतो तो अशा वेळी.

अशा प्रसंगी मालक परदेशात होता, हा बचाव टिकणारा नाही. अधिनियमाचे कलम १९० केवळ चालकाविषयी बोलत नाही; सदोष वाहन चालवू देणाऱ्या व्यक्तीलाही ते लागू होते. शिवाय दोष माहीत असलाच पाहिजे असे नाही. साधारण दक्षता घेतली असती तर जो कळला असता, तो दोषही पुरेसा ठरतो. अशा दोषामुळे कोणास इजा झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नुकसानभरपाईच्या बाबतीत तर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की, ज्याच्या नावे नोंदणी आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक होय. मग गाडी प्रत्यक्षात दुसऱ्याच्या ताब्यात गेलेली का असेना. मोटार विम्याच्या करारातही वाहन सुस्थितीत ठेवण्याची अट असते. अंतराने जबाबदारी कमी होत नाही, हेच खरे.

सक्तीच्या तपासणीस विरोध करणाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. नव्या मोटारी अधिक भरवशाच्या झाल्या असून तपासणी हा नाहक भुर्दंड आहे, असे ते म्हणतात. अमेरिकेतील टेक्सास राज्याने १ जानेवारी २०२५ पासून खासगी मोटारींची सुरक्षा तपासणी बंद केली. न्यू जर्सीने २०१० सालीच केली होती. आपल्याकडे तर आणखी एक रास्त भीती आहे, ती हेलपाट्यांची आणि दलालांची. सत्तरीतील आई-वडिलांनी मुलाच्या गाडीसाठी रांगेत उभे राहावे, ही अपेक्षा अन्यायाची होईल.

परंतु या अडचणींचे उत्तर तपासणी न करणे हे नसून ती नीट करणे हे आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्र शासनाने स्वयंचलित चाचणी केंद्रांचे नियम अधिसूचित केले. त्यांत मोजमाप यंत्राने होते आणि चाचणी करणाऱ्या केंद्रास दुरुस्तीचा किंवा सुट्या भागांच्या विक्रीचा व्यवसाय करता येत नाही. ही व्यवस्था सर्वत्र उभी राहील तसतशी खासगी मोटारीची पहिली तपासणी पंधराव्या वर्षाऐवजी पुष्कळ आधी, निदान सातव्या-आठव्या वर्षी, सक्तीची करावी. त्याचबरोबर ब्रिटनमधील एक सोय आपणही स्वीकारावी. तेथे मालक आपली गाडी रस्त्यावर येणार नसल्याचे घोषित करू शकतो. मग तपासणीही लागत नाही आणि विमाही. मात्र आगाऊ वेळ ठरवून तपासणीस नेण्याखेरीज ती गाडी रस्त्यावर आणता येत नाही. परदेशस्थ मालकासाठी याहून सरळ मार्ग कोणता? गाडी एकतर तपासलेली असावी, नाहीतर घोषितपणे बंद असावी. मधली अवस्था नको.

कायदा बदलेपर्यंत मालकाला स्वतःपुरता हा नियम पाळता येईल. प्रतिवर्षी एकदा विश्वासू कार्यशाळेत तपासणी करून लेखी अहवाल मागवावा. गाडी कोण वापरणार हे ठरवून टाकावे आणि इतरांच्या हाती किल्ली जाऊ देऊ नये. नोंदणीची मुदत पंधराव्या वर्षी संपते, ती तारीख टिपून ठेवावी. नूतनीकरणाचा अर्ज त्यापूर्वी साठ दिवसांच्या आत करता येतो. हे शुल्क एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजार रुपये झाले असून २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारीसाठी ते दहा हजार करण्यात आले आहे. कोणाला अधिकार द्यावयाचे असल्यास परदेशात केलेले मुखत्यारपत्र भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करून घ्यावे.

गाडी वापरायचीच नसेल, तर ती वेळीच विकणे शहाणपणाचे. येथे बँकेचा संबंध येतो. कर्ज फिटले म्हणजे नोंदणी पुस्तिकेवरील बँकेचे नाव आपोआप निघत नाही. त्यासाठी बँकेचे ना-हरकत प्रमाणपत्र व नमुना ३५ परिवहन कार्यालयात सादर करावा लागतो. हे राहून गेल्यामुळे विक्री अडते आणि गाडी अंगणात गंजत राहते. अनिवासी ग्राहक सुट्टीत शाखेत येतो, तेव्हा ठेवीच्या नूतनीकरणाबरोबर हा एक प्रश्नही कर्मचाऱ्यांनी आवर्जून विचारावा. ठेवीची मुदत चुकली तर थोडे व्याज बुडते. मोटारीची तपासणी चुकली, तर रस्त्यावरून चालणाऱ्या एखाद्या अनोळखी माणसाचा जीव जाऊ शकतो, आणि त्याची भरपाई कोणत्याही खात्यातून करता येत नाही.